सात वाजून बारा मिनिटांचा बुध

"ताई, तुमचा डावा डोळा दुखतो का हो?"

कांचनबाई बोऱ्हाडे माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. ११ जून २००६, रविवार, सकाळचे सव्वादहा. जागा ऑकलंडमधल्या फ्लॅट बुशच्या आमच्या कोपऱ्यावरची डेअरी. इथे वाणसामानाच्या छोट्या दुकानाला डेअरी म्हणतात. मी दुधाची बाटली घेऊन बाहेर पडत होते. समोर एक बुटक्या, सावळ्या बाई उभ्या. पंजाबी ड्रेसवर मुलाचं ढगळ जाकीट, आणि नजर माझ्या तोंडाकडे नाही, चष्म्याकडे.

"दुखतो," मी म्हटलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"काचेचा मध्य बाहुलीसमोर नाही. तीन-चार मिलिमीटर सरकलाय. कुणी बसवलाय हा? हात मोडले पाहिजेत त्याचे."

"पुण्यात केलाय."

"मग तर मोडलेच पाहिजेत!"

त्या दिवशी घरी येऊन मी डायरीत लिहिलं: 'एक विलक्षण बाई भेटली. डाव्या डोळ्याचं निदान बहुधा बरोबर.' डायरी मी तेराव्या वर्षापासून लिहिते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस यांनी पहिली वही दिली आणि सांगितलं, जे पाहिलं ते लिही, जे वाटलं ते दुसऱ्या ओळीत लिही. मी ते पाळत आले. म्हणून ही हकीकत तारखावार सांगता येते.

मी तेव्हा बहात्तर वर्षांची होते. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. लेकीकडे, विनयाकडे, सहा महिने राहायला चार जूनला येऊन पोचले होते. कांचनबाई सहासष्ट वर्षांच्या. त्या मे महिन्यात मुलाकडे आल्या होत्या. मुलगा अभिनव कॉम्प्युटर इंजिनिअर, सून राजश्री, नात स्वानंदी. आमच्या घरापासून सातवं घर त्यांचं. दोघींच्याही घरची माणसं सकाळी मोटरवेवर जायची ती दिवेलागणीला परतायची. मधले दहा तास त्या नव्याकोऱ्या वसाहतीत चिटपाखरू दिसत नसे. आम्ही दोघी एकमेकींना सापडलो नसतो तर मी काय केलं असतं, कोण जाणे.

कांचनबाई मूळच्या जुन्नरकडच्या. शाळा सातवीपर्यंत. लग्न होऊन पुण्याला रास्ता पेठेत आल्या. नवरा टेम्पो चालवायचा. त्याचा पाय अपघातात अधू झाला तेव्हा चोविसाव्या वर्षी त्या चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात लागल्या. कारखाना म्हणजे दोन अंधाऱ्या खोल्या, सहा यंत्रं आणि हवेत सतत काचेचा पाणचट वास. तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. त्यांच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की बँकेत अंगठा उमटत नसे. "साहेब म्हणायचा, बाई, तुम्ही आहात का नाही तेच कळत नाही."

या कारखान्यातला एक किस्सा त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितला. तो इथे सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. एका संध्याकाळी घरी कणीक मळताना त्यांच्या ध्यानात आलं की हडपसरच्या एका मास्तरांच्या चष्म्यात आपण उजवी काच डावीकडे पाठवली. मालक म्हणाले, येईल तो परत, आला तर बघू. कांचनबाई दुसऱ्या दिवशी बसने हडपसरला गेल्या.

"मास्तरांच्या नाकावरून काढून घेतला हो चष्मा! ते म्हणतात, बाई, मला तर बरं दिसतंय. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय!"

याच कारखान्यात पुढे एका हौशी खगोल मंडळाची कॉलेजातली मुलं घासायची पावडर मागायला येऊ लागली. त्यांना दुर्बिणीचा आरसा करायचा होता आणि हात जमत नव्हता. कांचनबाईंनी शिकवला. अशा तीन दुर्बिणींचे आरसे त्यांच्या हातून झाले. दुर्बिणी सिंहगडाकडे गेल्या आणि कांचनबाई घरी भाकऱ्या करायला. तिघींपैकी एकीतूनही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या डोळ्यांना दाखवलं," त्या म्हणाल्या. "आपण काय बघितलं? भिंत."

जूनच्या शेवटी पुण्याहून त्यांच्या कारखान्यातल्या मैत्रिणीचं, मृदुलाचं, पार्सल आलं. त्यातलं मेतकूट कस्टमवाल्यांनी ठेवून घेतलं होतं. सोबतची खगोल मंडळाची पुस्तिका मात्र आली. कांचनबाई ती उघडून धावतच माझ्याकडे आल्या. पायात नातीच्या जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, दोन्ही डाव्या पायाच्या.

"सरोजताई, हे बघा. बुधाचं अधिक्रमण!"

बुध हा ग्रह सूर्य आणि आपण यांच्या बरोबर मधून जातो आणि सूर्याच्या तबकडीवरून एक काळा ठिपका सरकताना दिसतो, त्याला अधिक्रमण म्हणतात. पुस्तिकेत लिहिलं होतं: नऊ नोव्हेंबर, भारतीय वेळ मध्यरात्रीनंतर बारा बेचाळीस ते पहाटे पाच चाळीस. महाराष्ट्रातून दिसणार नाही.

"तिकडे रात्र. म्हणजे इकडे?"

"इकडे दिवस!" मी जवळजवळ ओरडलेच. कारण ती तारीख माझ्या ओळखीची होती. सतराशे एकोणसत्तर साली याच दिवशी, नऊ नोव्हेंबरला, कॅप्टन कुकने इथून पूर्वेला, डोंगरांपलीकडच्या किनाऱ्यावर उतरून बुधाचं हेच अधिक्रमण पाहिलं होतं. त्या उपसागराला अजून बुधाचंच नाव आहे. मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजची ग्रंथपाल होते. अशा गोष्टी डोक्यात राहून जातात.

मी डायरीचं पहिलं पान उघडलं. तिथे आल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं: भारताची वेळ अधिक साडेसहा तास. बारा बेचाळीस अधिक साडेसहा. "सकाळी सात वाजून बारा मिनिटं," मी सांगितलं.

"माझं विमान बारा नोव्हेंबरला," कांचनबाई म्हणाल्या. "आणि पुढचं अधिक्रमण दोन हजार सोळाला. तेव्हा मी शहात्तर. तेवढं थांबायला मी काय डोंगर आहे?" मग पुस्तिका मिटून, "ताई, मी आरसा करते. त्यातून मी बघणार."

अभिनव त्यांना पेनरोजला जुन्या सामानाच्या एका वखारीत घेऊन गेला. तिथे मोडीत काढलेल्या जहाजाच्या खिडक्यांच्या गोल काचा मिळाल्या, अंगठ्याएवढ्या जाड. दोन आणल्या. गॅरेजमध्ये वाळूने भरलेल्या रंगाच्या डब्यावर एक काच पक्की बसवली, वर ओली पावडर, त्यावर दुसरी काच, आणि घासायला सुरुवात. सहा वेळा पुढे-मागे, मग एक पाऊल डावीकडे. असं डब्याभोवती फिरत राहायचं, म्हणजे वरची काच सगळीकडून सारखी खोलगट होते.

"माझी आई गॅरेजमध्ये प्रदक्षिणा घालते," अभिनव फोनवर कुणाला तरी सांगत होता. "नवसाचं नाही रे. ऑप्टिक्सचं."

मी गार्डन-चेअरवर बसून गोष्टी सांगायचे. सिस्टर अ‍ॅग्नेस यांनी युरोपचे राजे आमच्याकडून तोंडपाठ करून घेतले होते, पण ज्या गोष्टी त्यांनी गाळल्या त्या मी पुढे ग्रंथालयात वाचल्या. फ्रान्सच्या चौदाव्या लुईची ही गोष्ट. सगळं राज्य आपल्या एकट्याच्या शब्दावर चालवणारा राजा. त्याने वेधशाळा बांधली, विद्वानांना पगार दिले आणि राज्याची मोजणी करायला सांगितलं. त्यांनी आकाशातल्या ग्रहांच्या वेळांवरून मोजलं आणि नकाशा आणून ठेवला. पश्चिम किनारा जुन्या नकाशाच्या बराच आत. राज्य वाटत होतं त्याहून लहान निघालं! राजा म्हणाला म्हणतात, माझ्या शत्रूंनी घेतली नाही एवढी जमीन तुम्ही घेतलीत.

कांचनबाईंचे हात थांबले. "आणि त्यांनी तोंडावर सांगितलं त्याला?"

"सांगितलं."

"मुंडकी?"

"शाबूत. नकाशाही तसाच राहिला."

"वा!" म्हणून त्या पुन्हा फिरू लागल्या. "आमचा मालक असता तर म्हणाला असता, नकाशा ओढून मोठा करा."

हॉलंडमधला एक तत्त्वज्ञ, त्याच्याच समाजाने वाळीत टाकलेला, तो पोटासाठी भिंगं घासायचा आणि उरलेल्या वेळात लिहायचा की माणसाने भीतीने नाही, बुद्धीने चालावं. हे ऐकून त्यांनी विचारलं, "कुठली पावडर वापरायचा?" मला माहीत नव्हतं. तो छातीच्या विकाराने गेला म्हटल्यावर हळहळल्या. "फडकं बांधत नसणार तोंडाला. मी नव्या मुलींना पहिल्यांदा तेच सांगायची."

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट मात्र इंग्लंडमधल्या बहीण-भावाची. भाऊ वाजंत्री. त्याला दुर्बिणीचं वेड. आरसा घासताना हात थांबवून चालत नाही, म्हणून सोळा-सोळा तास बहीण त्याला घास भरवायची. पुढे ती स्वतः धूमकेतू शोधू लागली आणि राजाने तिला पगार सुरू केला.

"म्हणजे भरवता-भरवता शिकली," कांचनबाई म्हणाल्या आणि काच घासत तोंड उघडलं. मी थालीपिठाचा तुकडा घातला. ऑगस्ट महिन्यात हे रोज चाललं होतं. माझ्या डायरीत आहे: 'आज सात घास. खोलगटपणा दीड मिलिमीटर.'

आणि तो पॅरिसचा पाद्री. बुधाचं अधिक्रमण जगात सर्वात आधी पाहिलं ते त्याने, सोळाशे एकतीसमध्ये. सूर्याकडे डोळ्यांनी बघितलं तर आंधळंच व्हायचं, म्हणून त्याने दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडली. खालच्या खोलीत मदतनीस ठेवला. वर ठिपका दिसला की पाद्री पाय आपटणार, खाली मदतनिसाने तत्क्षणी सूर्याची उंची मोजून वेळ धरायची. ठिपका आला. अपेक्षेपेक्षा इतका लहान, की पाद्र्याला आधी तो सूर्यावरचा नेहमीचा डागच वाटला. मग कळलं, सरकतोय! त्याने पाय आपटला. खाली मदतनीस जागेवर नव्हता.

कांचनबाई हसून हसून डब्याला टेकल्या. "तुम्ही तेवढ्या जागेवर राहा म्हणजे झालं!"

नळी झाली गटाराच्या प्लॅस्टिक पाइपची. स्वानंदी तेव्हा दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत द्यायची. पाइप बघून म्हणाली, "आजी, दॅट्स अ ड्रेन. सो एम्बॅरसिंग." आरशाला चमकदार थर द्यायला बाहेर पाठवावं लागलं असतं आणि वेळ नव्हता. कांचनबाईंनी तो कोराच ठेवला. सूर्यासाठी कोरीच काच बरी, जाळत नाही, असं त्यांचं म्हणणं. राजश्रीला ते सगळंच अर्धवट वाटे. अभिनव एकदा म्हणाला, "आई, वेळ नेटवर बघून सांगू का?"

"ताईंनी काढली आहे वेळ," कांचनबाई म्हणाल्या. विषय संपला.

स्वानंदीने शाळेत सांगितलं होतं की माझी आजी बुध दाखवणार. तिच्या वर्गाच्या बाई माओरी. मुलं त्यांना फाया मेरे म्हणत. फाया म्हणजे मावशी. त्यांनी ठरवलं, ज्यांना यायचं असेल त्या मुलांनी आईबापांबरोबर सकाळी सातला यावं. स्वानंदी तीन दिवस नीट जेवली नाही. "आजी, इट विल वर्क, राइट?" हे तिने किती वेळा विचारलं त्याची मी मोजदाद ठेवली नाही, हे खरं.

तीन दिवस ढग. त्याआधी रविवारी चाचणी घेतली होती, तेव्हा सूर्य स्वच्छ कोरा होता. गुरुवारी, नऊ तारखेला, पहाटे उठून मी पडदा सरकवला. आकाश धुऊन ठेवलेलं!

सातला घरासमोरच्या हिरवळीवर चौदा मुलं, आठ-नऊ मोठी माणसं, हातात कॉफी. दुर्बीण सूर्याकडे रोखलेली, बाजूला काळ्या ब्लँकेटचा तंबू, आत पांढरा कागद, त्यावर वीतभर सूर्य. कांचनबाई तंबूत. मी बाहेर घड्याळ आणि वही घेऊन. सात वाजून चौदा मिनिटांनी त्यांचा पाय धाडकन आपटला.

"आहे! कडेला आहे! काळा!"

पुढचा अर्धा तास नुसता जल्लोष. एकेक मूल तंबूत जायचं आणि किंचाळत बाहेर यायचं. "स्वीट अ‍ॅज!" "हीप्स कूल!" ब्रुक नावाची एक उंच मुलगी स्वानंदीला म्हणाली, तुझी आजी सायंटिस्ट आहे का? स्वानंदी म्हणाली, "काइंड ऑफ." असा चेहरा मी तिचा आधी पाहिला नव्हता. मुलांनी कागदावर ठिपक्याभोवती गोल काढला, खाली सगळ्यांनी सह्या केल्या. पावणेआठला मंडळी पांगली. मुलं शाळेच्या वाटेला, मोठी माणसं मोटरवेला.

मी दर दहा मिनिटांनी ठिपक्याची जागा माझ्या वहीत काढत होते. चार चित्रं झाली होती. पाचवं काढायला तंबूत गेले आणि पेन्सिल टेकवली.

"कांचनबाई, हा हलत नाही."

"काय हलत नाही?"

"ठिपका. पाच तासांत सूर्य ओलांडायचा तर अर्ध्या तासात दीड-दोन सेंटीमीटर तरी सरकायला हवा. हा होता तिथे आहे."

त्यांनी पिशवीतून घड्याळजीचं भिंग काढलं, डोळ्यात अडकवलं आणि कागदावर वाकल्या. बराच वेळ.

"याच्या कडा फाटक्या आहेत," त्या म्हणाल्या. "भोवती करडी झालर. हा ग्रह नव्हे, ताई. हा सूर्याचा डाग आहे. चार दिवसांत आलेला." मग उठून बसल्या. एकदम थकलेल्या दिसल्या. "मी पोरांना डाग दाखवला."

"पण मग बुध कुठे गेला?"

"आरशातच खोट असेल. बुध असेल आणि माझ्या आरशात दिसत नसेल."

पाच महिने त्या बाईने कधी असं म्हटलं नव्हतं. मला ते ऐकवेना. आरसा चुकला नसेल तर काय चुकलं, म्हणून मी डायरी उलटी चाळू लागले. नोव्हेंबर. ऑक्टोबर. एक ऑक्टोबर, रविवार, माझ्याच अक्षरात: 'आज इथे सर्व घड्याळं एक तास पुढे केली. उन्हाळ्याची पद्धत. विनयाने माझंही केलं. झोप अपुरी.'

पहिल्या पानावरचे साडेसहा तास थंडीतले होते. भारत घड्याळ हलवत नाही, हे लोक हलवतात. पुण्याचे फोन नेहमी तिकडूनच येत, म्हणून फरक बदलल्याचं मला कधी जाणवलंच नव्हतं. एक ऑक्टोबरपासून साडेसात मिळवायला हवे होते. आणि ते मी स्वतः लिहूनही ठेवलं होतं!

"कांचनबाई! आरसा बरोबर आहे. मी चुकले. आठ वाजून बारा मिनिटं!"

घड्याळात आठ वाजून नऊ मिनिटं झाली होती.

आम्ही दोघी त्या ब्लँकेटखाली डोक्याला डोकं लावून बसलो. दहा वाजून जावेत इतका वेळ ती तीन मिनिटं चालली. मग डागापासून जरा खाली, सूर्याच्या गोल कडेला, नखाने टोचावं तशी एक खोच पडली. ती खोल झाली. गोल झाली. आणि सुटली. खसखशीच्या दाण्याएवढा, शाईसारखा काळा, कातीव गोल ठिपका.

कांचनबाई पाय आपटायच्या विसरल्या. माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांच्या हातून झालेल्या आरशातून त्या एक ग्रह पाहत होत्या, आयुष्यात पहिल्यांदा. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या. "अगं बाई गं."

मग एकदम उठल्या. "शाळा किती लांब आहे?"

राजश्री गाडीची किल्ली घेऊन दारात आली होती. तिने सगळं ऐकलं. "आई, जाऊ दे ना. मुलं किती खूश होती. काळा ठिपका बघायचा होता, बघितला. कुणाला कळणारे? आणि स्वानंदीचा विचार करा. आज पहिल्यांदा वर्गातल्या कुणी तिला चिडवलं नाही. तुम्ही वर्गात जाऊन चुकलं म्हणून सांगणार? रविवारी तुम्ही जाल, तिला तिथेच बसायचंय."

राजश्रीचं काही खोटं नव्हतं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. चूक माझी, लाज त्या पोरीची.

कांचनबाईंनी गुडघ्यावरचं गवत झटकलं. "राजश्री, चुकीच्या नंबरचा चष्मा मी कुणाच्या नाकावर राहू दिला नाही. नातीच्या ठेवू?"

राजश्रीने गाडीची किल्ली खिशात टाकली. म्हणाली, "गाडीत मावणार नाही तो पाइप. बागेतली ढकलगाडी घ्या." आणि ऑफिसला फोन करायला आत गेली.

एकचाकी ढकलगाडीत पाइप, माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेला आरसा राजश्रीच्या कुशीत, ब्लँकेट माझ्या खांद्यावर. चढावर चाक करकरत होतं. पश्चिमेकडून ढगांची एक फळी वर येत होती आणि मी दर दहा पावलांनी मान वळवून तिच्याकडे बघत होते. नव्या घराच्या छपरावरून एक गवंडी ओरडला, "किआ ओरा, लेडीज! काय आहे त्या पाइपात?"

"सांगा त्याला, तोफ आहे," कांचनबाई धापा टाकत म्हणाल्या. "सूर्यावर डागायला निघालोय."

मी सांगितलं. तो म्हणाला, "गुड ऑन या!"

वर्गात सगळे खाली सतरंजीवर बसले होते. फळ्यावर सकाळचा तो कागद लावलेला, सह्यांसकट, वर मोठ्या अक्षरांत 'आम्ही बुध पाहिला'. आम्हाला पाहून स्वानंदीचा चेहरा आधी फुलला. मग तिने आजीचा चेहरा पाहिला.

"स्वानंदी, इकडे ये," कांचनबाई मराठीत म्हणाल्या. "मी सांगते ते यांना सांग. सकाळी मी जे दाखवलं तो बुध नव्हता. तो सूर्यावरचा डाग होता. माझी चूक झाली."

"माझी," मी म्हटलं. "वेळ मी काढली."

"बघितलं मी. बुध आहे म्हणून ओरडले मी."

स्वानंदी कुजबुजली, "आजी, प्लीज. डोन्ट." तिचे कान लाल झाले. मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं. इंग्रजी मला येतं, त्यासाठीच तर कॉन्व्हेंटात घातलं होतं. पण स्वानंदीने माझ्याकडे बघून हात वर केला. मला थांबवलं तिने.

मग ती वर्गाकडे वळली आणि एका दमात इंग्रजीत म्हणाली, "माझी आजी सांगते आहे की आपण पाहिला तो बुध नव्हता. तो डाग होता, कारण तो हलला नाही. त्यांनी मोजलं. खरा बुध आत्ता सूर्यावर आहे. तिने गॅरेजमध्ये चार महिने आरसा घासलाय, म्हणून तिला कळलं." शेवटचं वाक्य कांचनबाईंनी सांगितलेलं नव्हतं.

ब्रुकने हात वर केला. "म्हणजे आपली सही खोट्यावर आहे?"

"सही तुम्ही पाहिलेल्या गोष्टीवर आहे," फाया मेरे म्हणाल्या. "नाव चुकलं होतं." मग आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? मी पेपरात आठ वाजून काहीतरी वाचलं होतं. पण वाटलं, यांनी सगळं स्वतः केलंय, यांनाच बरोबर माहीत असणार. मी विचारायला हवं होतं."

दहा मिनिटांत मैदानावर दुर्बीण उभी राहिली. ढगांची फळी उत्तरेला कडेकडेने सरकत गेली, दोनदा सूर्य झाकला, दोनदा सोडला. प्रत्येक सोडण्याला अख्खी शाळा ओरडली. कारण आता अख्खी शाळा बाहेर होती. नवीन कागद लावला. दर दहा मिनिटांनी एक मूल तंबूत जाऊन ठिपक्यावर पेन्सिलने खूण करायचं. ओळीत पुढे पुढे जाणारे ठिपके उमटू लागले. आणि सकाळचा तो डाग तिथेच, कडेला, आपल्या जागी. दोन्ही एकाच कागदावर असल्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मधल्या सुट्टीत फाया मेरेंनी मुलांना नऊ नोव्हेंबरची दुसरी बाजूही सांगितली. कुक किनाऱ्यावर बुध बघत होता त्याच वेळी जहाजावर त्याच्या एका अधिकाऱ्याने कापडाच्या एका तुकड्यावरून एका माओरी माणसाला गोळी घातली. तेही त्याच दिवसाच्या नोंदीत आहे. कांचनबाईंना मी मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिहून ठेवलंय ना? बरं केलं."

साडेबारापासून कांचनबाई तंबूबाहेर आल्याच नाहीत. त्यांच्या मांडीला टेकून स्वानंदी. राजश्रीने आणलेली सँडविचं मी ब्लँकेटच्या फटीतून आत सरकवत होते. एकदा आतून आवाज आला, "आजी, तोंड उघड," आणि तो मराठीत होता. मी घड्याळावरची नजर हलवली नाही.

एक वाजून पाच. आत हालचाल थांबली. एक वाजून आठ. मैदानावर अडीचशे मुलं दबक्या आवाजात कुजबुजत होती. "कडेला लागला," स्वानंदीने आतून सांगितलं. मी पेन्सिल टेकवून उभी राहिले.

एक वाजून दहा मिनिटं आणि चार सेकंदांनी तंबूत दोन पाय आपटले, एक मोठा, एक लहान.

मी जागेवर होते. लिहून घेतलं.